हळदीच्या गावातली चुन्याची भिंत

हिंगोली जिल्ह्यात बाहेरचा माणूस दोनच कारणांनी जातो: औंढ्याला देवदर्शनाला, नाहीतर बदली झाली म्हणून. मी तिसरंच कारण सांगितल्यावर सांगलीतल्या आमच्या मित्रमंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. चुन्याची भिंत घोटायला शिकायला चाललोय, असं मी म्हणालो होतो. एकाने सहानुभूतीने विचारलं, "घरी काही बोलणं झालं का?"

दोष कार्यशाळेच्या पत्रकाचा होता. मिहिर नावाच्या पुण्याच्या वास्तुरचनाकाराने ते काढलं होतं आणि त्यात 'मातीशी तुटलेली नाळ पुन्हा जोडण्याची' हमी दिली होती. तीन दिवसांत नाळ जोडून देणाऱ्यांविषयी मला एकूणच संशय आहे. शिवाय चुना म्हणजे माती नव्हे, हेही कोणीतरी सांगायला हवं होतं. पण पत्रकाच्या तळाशी एक ओळ होती: 'शिकवणार: वंदनाताई, गवंडी'. ना 'सुप्रसिद्ध', ना 'ज्येष्ठ', ना 'पारंपरिक ज्ञानाच्या वारसदार'. बाकी सगळ्या पत्रकात विशेषणं खच्चून भरलेली असताना त्या ओळीला एकही मिळालं नव्हतं. तिच्या भरवशावर मी नाव नोंदवलं.

वसमतहून आत

वसमतच्या स्टेशनाबाहेर जीप घेऊन अशोक उभा होता. "जय भीम सर, पुढं बसा, मागं पोती हायेत," एवढ्यावर ओळख उरकली. तो वंदनाताईंचा नवरा. एरवी हट्टा-वसमत अशी प्रवासी जीप चालवतो, त्या दिवशी कार्यशाळेच्या पाहुण्यांसाठी मोकळा होता. मोकळा म्हणजे वाटेत पाच-सहा माणसंच घेतली.

गावाबाहेर पडलो आणि वास आला. ओल्या मातीचा, वाफेचा, थोडा कडवट आणि खूप ओळखीचा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना हळद शिजत होती. लोखंडी पिंपांचे कुकर ट्रॅक्टरच्या मागे जोडलेले, त्यातून वाफ निघत होती, आणि शिजलेली हळद खळ्यावर पसरली होती, मातकट पिवळी, अजून हळद आहे हे पटू नये अशी. मी सांगलीचा. हळद बघतच लहानाचा मोठा झालो, पण पोत्यातली. आमच्याकडे हळद येते ती वाळून, घासून, सौदा होण्यासाठी. तिला भाव असतो हे मला माहीत होतं. चिखल असतो, धूर असतो आणि ती शिजवताना बाईचे डोळे चुरचुरतात, हे वसमतच्या पुढे कळलं.

अशोक बोलका होता. गाव येईपर्यंत त्याने मला सगळं प्रकरण सांगून टाकलं, आणि ते आताच सांगितलेलं बरं, कारण पुढचे दिवस मी त्याच प्रकरणात अडकलो होतो.

अशोकचे वडील चुना घोटणारे कारागीर होते. जुन्या गढ्यांच्या, देवळांच्या, सावकारांच्या भिंती त्यांनी आरशासारख्या केल्या होत्या. मुलाने ती विद्या घ्यावी असं त्यांना वाटे, पण मुलाला स्टेअरिंगचा नाद. तेव्हा म्हाताऱ्याने ती सुनेला दिली. सून शिकली, आणि मग हिंगोली-वसमतच्या बांधकामांवर वर्षानुवर्षं डोक्यावर घमेलं वाहत राहिली. कारण मिस्त्री म्हणजे पुरुष, आणि बाई म्हणजे बिगारी, हे तिथे कोणी ठरवलेलं नाही आणि कोणाला मोडताही येत नाही. "मिस्त्री जेवाया बसला की हिनं थापी उचलायची, कोपरा नीट करून ठिवायचा," अशोक म्हणाला. "त्यो येऊन म्हनायचा, माझा हात बघा कसा बसलाय."

आता गावात अभ्यासिका झाली होती. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरापोरींसाठी चार खोल्या आणि पुढे व्हरांडा. विटांचं काम संपलं होतं आणि आतल्या-बाहेरच्या भिंती कशाने करायच्या, एवढंच उरलं होतं. हिंगोलीचा ठेकेदार पुट्टी आणि टाईल्स घेऊन तयारच होता. मिहिरने मध्ये पडून सरपंचांना चुन्यासाठी निम्मं राजी केलं. पूर्ण राजी झालेला सरपंच मी अजून पाहिलेला नाही. बापूराव सरपंचांनी मग एक अट घातली. व्हरांड्याची समोरची एक भिंत वंदनाताईंनी घोटून दाखवायची. ती निर्मळ निघाली तर सगळी इमारत त्यांची, मिस्त्री म्हणून, हाताखाली बिगारी देऊन.

"आन् डाग दिसला एखादा, तर सोमवारी पुट्टीवाले येतेत," अशोक म्हणाला. मग गिअर बदलत, जणू जीपबद्दलच बोलतोय अशा सुरात, "लई दिसानं बारी आली हिची."

गयाबाईंचं घर

माझी राहण्याची सोय सरपंचांच्या घरी होती. सरपंच दिवसभर 'बैठकीला' असत. घर चालायचं ते त्यांच्या आईच्या, गयाबाईंच्या हुकमाने. सत्तरीच्या पुढच्या, ताठ, आणि तोंडाने कोणाला न सोडणाऱ्या. मी सांगलीचा म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आमची हळद नेऊन तुमची म्हनून इकणारे तुमीच व्हय?"

मी वैयक्तिकरीत्या नाही, असं सांगितलं. त्यांनी ते मान्य केल्यासारखं दाखवलं आणि भाकरी वाढली.

जेवणाबद्दल दोन शब्द. ज्वारीची भाकरी, पिठलं, आणि हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा, म्हणजे कच्चा पाला, त्यात कांदा, दाण्याचं कूट आणि तिखट. आमच्याकडे पाला शिजवल्याशिवाय पानात येत नाही. इथे तो शेतातून सरळ ताटात येतो, आणि आपण इतकी वर्षं चूल कशाला पेटवली असं वाटायला लागतं. ठेचा खाल्ल्यावर मात्र हा विचार काही काळ सुचेना.

घरातल्या प्रत्येक वस्तूवर गयाबाईंच्या हळदीची पाच बोटं होती. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर, हळदीच्या कुकरवर, पाण्याच्या मोटारीवर, फ्रीजवर, नातवाच्या मोटारसायकलच्या टाकीवर. नवं काही उंबऱ्यात आलं की त्या ओल्या तळहातावर हळद घेत आणि हात दाबत. घरचीच हळद, त्यामुळे चिमटीचा हिशेब नव्हता, पूर्ण तळवा भरून. माझ्या पिशवीकडेही त्यांनी एकदा पाहिलं, पण ती नवी नव्हती.

चुना

दुसऱ्या दिवशी सकाळी अभ्यासिकेपुढे आम्ही सगळे जमलो. आम्ही म्हणजे नऊ-दहा हौशी माणसं, बहुतेक वास्तुकलेचे विद्यार्थी, आणि नांदेडच्या एक दंतवैद्य बाई, ज्या सुट्टीतही भोकं बुजवायलाच आल्या होत्या. हे त्यांचंच वाक्य.

मिहिरने सुरुवातीला एक छोटं भाषण केलं. त्यात 'श्वास घेणारी भिंत' तीनदा आली. वंदनाताई बाजूला चुन्याच्या हौदाशी उभ्या होत्या. चाळिशीच्या, काटक, पदर कमरेला खोचलेला, आणि चेहऱ्यावर पाहुण्यांसमोर हसू आवरून धरल्यासारखा भाव. भाषण संपल्यावर त्या म्हणाल्या, "भिंत श्वास घिती का न्हाई मला ठावं न्हाई. पण चुना डोळ्यात गेला तर तुमचा श्वास अडकंल. हात धुवायचं पानी हितं हाय." शिकवणं सुरू झालं.

चुना कित्येक महिने पाण्याखाली मुरवलेला होता, लोण्यासारखा. त्यात वाळू, विटांची भुकटी, मग गुळाचं पाणी आणि हिरड्याचा काढा. गूळ म्हटल्यावर एका विद्यार्थ्याने मुंग्यांची शंका काढली. वंदनाताईंनी त्याला चुना चाखून बघायला सांगितलं. मुंगी त्याच्याहून शहाणी असते असंही सुचवलं. आम्ही विटांच्या तुकड्यांवर लेप द्यायला शिकलो. थापी धरायची कशी हे मला तासभर कळलं नाही. मी ती तूप वाढायच्या चमच्यासारखी धरत होतो. वंदनाताई तीनदा येऊन माझी बोटं सोडवून पुन्हा बसवून गेल्या, चौथ्यांदा नुसत्या लांबूनच "पाव्हणे" एवढंच म्हणाल्या.

त्यांच्याविषयी एक सांगायला हवं. त्या गरीब बिचाऱ्या अजिबात नव्हत्या. आपल्याला येतं हे त्यांना माहीत होतं, ते त्या मोकळेपणाने सांगत, क्वचित जरा जास्तच. वसमतच्या बाजारातल्या एका नामांकित इमारतीच्या पुट्टीला त्यांनी 'बुरशीवरची पावडर' म्हटलं. कोणी मध्येच सल्ला दिला तर त्या तो ऐकूनही घेत नसत, आणि त्यात कधीकधी चूकही होई. काढा पातळ झालाय असं दंतवैद्य बाईंनी म्हटलं होतं, ते खरं निघालं. वंदनाताईंनी तो लेप खरवडून टाकला आणि बाईंकडे न बघता पुन्हा कालवायला घेतला.

पूर्णेच्या पात्रात

चुन्याचा शेवटचा थर बोटभरही जाड नसतो. तो दिला की घोटायचं, गुळगुळीत गोट्याने, थांबल्याशिवाय, भिंतीला घाम सुटेपर्यंत. खरोखर घाम. आतलं पाणी थेंबाथेंबाने वर येतं. मग खोबरेलाचा हात, आणि पुन्हा गोटा. पूर्ण भिंत एका दिवसात झाली पाहिजे. मध्येच हात थांबला तर तिथे सांधा पडतो, आणि तो पडला की जन्मभर दिसतो.

गोटा प्रत्येकाने आपला आणायचा, अशी वंदनाताईंच्या सासऱ्यांची रीत. दुसऱ्याच्या गोट्याने घोटलं तर हात लागत नाही म्हणे. म्हणून दुपारी अशोकच्या जीपमधून सगळे सिद्धेश्वरला गेलो. धरणाच्या खाली पूर्णेचं पात्र पसरलेलं, पाणी जेमतेम, आणि गोट्यांचा खच. आम्ही शिकली-सवरलेली माणसं उन्हात वाकून दगड निवडत होतो, गालाला लावून बघत होतो. पलीकडे मासे पकडणारे दोघे हातातलं जाळं ठेवून आमच्याकडे बघत राहिले. मला एक सुंदर गोटा दिसला, काळसर, अंड्याएवढा, आणि तो घ्यायला गेलो तर शेवाळावरून पाय सटकून मी बसलो तो थेट पाण्यात. जाळंवाल्यांपैकी एकाने ओरडून विचारलं, मासा होता का. नव्हता, गोटा होता, असं मी सांगितलं. त्याने जोडीदाराकडे पाहिलं आणि जाळं पुन्हा उचललं.

त्याच दोघांकडून अशोकने मासे घेतले आणि काठावरच्या टपरीत तळून घेतले. कपडे वाळेपर्यंत मी भाकरी आणि मासा खात बसलो. दंतवैद्य बाई वंदनाताईंशेजारी होत्या. त्यांनी विचारलं, भिंत नाही पसंत पडली सरपंचांना, तर काय करणार.

वंदनाताईंनी काटा काढला, बाजूला ठेवला.

"तर सोमवारी पुट्टीवाल्याला पानी कोन दील? मीच की. गावात बिगारी दुसरी हाय कोन?"

त्या हसल्या, पण कोणी त्यांच्याबरोबर हसलं नाही.

समारंभ

तिसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आधी वंदनाताईंनी वस्तीतल्या दोन बायकांना घेऊन शेवटचा थर चढवायला घेतला. परांचीवर त्या तिघी आणि खाली आम्ही. आम्हाला खालचा पट्टा दिला होता, जिथे पुढे बाक येणार होते. वंदनाताई धोरणी बाई.

दुपारी चारला एक साहेब येणार होते. कोण, कशाचे, हे मी सांगत नाही; एवढंच की त्यांच्या गाडीमागे आणखी गाड्या असतात. चारपर्यंत भिंत घोटून व्हायची, मग साहेबांनी फीत कापायची, असा बेत होता. व्हरांडा हेच व्यासपीठ. अंगणात मांडव, मांडवात खुर्च्या, खुर्च्यांच्या पहिल्या रांगेला पांढरी खोळ. आमच्या सांगलीतही खोळ असते, पण तिकडे ती पहिल्या दोन रांगांना असते. तेवढाच प्रगतीतला फरक.

पाहुणे उशिरा येतात, हे आपल्याकडचं एकमेव वेळापत्रक आहे आणि सगळा देश त्यावर चालतो. हे साहेब मात्र सकाळी साडेअकरालाच आले. त्यांना पुढे औंढ्याला जायचं होतं, म्हणून ते औंढ्याच्या आधी आमच्याकडे आले. हलगी वाजली, धावपळ झाली. सूत्रसंचालन करणारे गुरुजी शर्टाची बटणं लावत माइककडे धावले. भिंतीला नुकता घाम सुटू लागला होता.

वंदनाताई परांचीवरून खाली उतरल्या नाहीत. बापूराव सरपंचांनी खालून खुणा केल्या, मग हलक्या आवाजात विनवलं, मग परांचीच हलवून बघितली. शेवटी त्या वरून छातीच्या उंचीपर्यंतचा भाग घोटून खाली आल्या आणि मधला पट्टा घोटू लागल्या, साहेब व्यासपीठावर चढत असताना, त्यांच्याकडे पाठ करून.

आणि गयाबाई आल्या. ताटात नारळ, अगरबत्ती, पाण्याचा तांब्या आणि वाटीभर हळद. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण नवं काही उभं राहिलं आणि त्या आल्या नाहीत, असं त्या गावात कधी झालेलं नाही. त्यांनी नारळ गुरुजींच्या हातात दिला, तळवा ओला केला, हळदीत बुडवला आणि बरोब्बर भिंतीच्या मध्यावर, जिथे सगळ्यांची नजर जाईल तिथे, पाचही बोटं पसरून हात दाबला.

पिवळा हात उमटला. आणि आमच्या डोळ्यांदेखत तो लाल झाला.

त्या गावात हळद आणि चुना मिळून काय होतं हे कळायला कोणालाही शाळेत जावं लागत नाही. पाय मुरगळला की तोच लेप घालतात. कुंकूही तसंच बनतं. गयाबाईंनी स्वतः आयुष्यभर हा लेप कालवला असणार. मांडवातल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि एकालाही वेळेवर आठवलं नव्हतं, कारण सगळ्यांच्या लेखी ती भिंत होती. चुना होता तो फक्त वंदनाताईंच्या लेखी.

"शुभसंकेत," गुरुजी माइकवर म्हणाले. त्यांनी नारळ तसाच धरलेला होता. "लक्ष्मीचं आगमन कुंकवाच्या पावलांनी होतं असं म्हणतात." पावलं नव्हती, पंजा होता, पण गुरुजी थांबले नाहीत. साहेबांनी हात जोडले. फोटो निघाला. मिहिर माझ्या कानाशी येऊन म्हणाला की हे खरंतर फार सुंदर आहे, याला लोकसहभाग म्हणता येईल. मी त्याला म्हटलं, सरपंचांची अट त्याला आठवते का. तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

वंदनाताई गोटा हातात धरून उभ्या होत्या. हात थांबला होता आणि भिंत वाळत होती. डाग तिथल्या तिथे खरवडून नवा लेप भरला, तर आजच्या आज सगळं एकजीव होण्याची आशा होती. तासाभराने ती उरली नसती. पण थापी चालवायची कशावर? वंदनाताईंच्या घरी नारळ-हळदीचं काही नसतं, हे गावाला माहीत होतं. त्यांच्यासारख्या बाईने, भरल्या मांडवात, सरपंचांच्या आईने केलेल्या पूजेवर पोलाद फिरवायचं, याचा अर्थ दुसऱ्या दिवशी कट्ट्याकट्ट्यावर काय लागला असता, हे सांगलीच्या माणसालाही समजत होतं. बापूराव खाली बघत होते. ते काही बोलले असते तर एका बाजूने आई होती आणि दुसऱ्या बाजूने साहेब.

बोलल्या त्या गयाबाई.

"काहून थांबली गं वंदना?"

"मावशी, तुमचा हात हाय त्याच्यावर."

गयाबाईंनी आपला पिवळा तळवा वर धरला, तिला दाखवला, मग मांडवालाही दाखवला.

"माझा हात हितं हाय. त्यो डाग हाय. काढ."

गुरुजी माइकवर काहीतरी म्हणणार होते. गयाबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

वंदनाताईंनी थापी उचलली. कडा सरळ न ठेवता, आतून बाहेर पातळ होत जाईल अशा बेताने त्यांनी लाल भाग खरवडला, खालचा पांढरा दिसेपर्यंत. खरवडलेला लाल चुना गयाबाईंनीच ताटात झेलला. मग नवा लेप, बोटांनी दाबत दाबत. मग वंदनाताईंनी वळून आम्हा सगळ्यांना एकदाच म्हटलं, "गोटे घ्या."

त्यानंतर जो कार्यक्रम झाला तसा मी पूर्वी पाहिलेला नाही. व्यासपीठावर साहेब बोलत होते, विकास, परंपरा, युवाशक्ती या क्रमाने, आणि त्यांच्या पाठीशी आठ-दहा माणसं भिंतीला भिडून घोटत होती. गोट्यांचा आवाज मंद पण सतत होता, मांजर गुरगुरावं तसा, आणि तो माइकमध्ये शिरत होता. साहेब दोनदा थांबून मागे वळले. कोणी थांबलं नाही. शेवटी गयाबाई पहिल्या रांगेतल्या पांढऱ्या खोळीच्या खुर्चीवरून मुलाला म्हणाल्या, जरा मोठ्यानेच, "बापू, त्यायला म्हनावं आवरा. भिंत वाळून राहिली."

साहेब माणूस वाईट नसावेत. हसले, आवरलं आणि शाल बाजूला ठेवून त्यांनी एक गोटा मागितला. वंदनाताईंनी त्यांना माझ्या शेजारी, खालच्या पट्ट्यावर बसवलं. त्यांनी पाच मिनिटं मनापासून घोटलं, फोटो निघाल्यानंतरही. मग गाड्या औंढ्याकडे गेल्या आणि खुर्च्या रिकाम्या झाल्या. आम्ही सावल्या लांब होईपर्यंत घोटत राहिलो. माझ्या खांद्यात असा एक स्नायू आहे ज्याचा मला साठ वर्षं पत्ता नव्हता.

काम थांबलं तेव्हा दुरुस्तीची जागा दिसत होती. शेजारपेक्षा करडी, ओलसर, परातीएवढी. मी वंदनाताईंना विचारलं, हे जाईल ना. त्यांनी मला धीर वगैरे दिला नाही.

"वाळल्यावर कळंल," त्या म्हणाल्या. "सासरे असते तर त्यांनी सांगितलं असतं. मला न्हाई सांगता येत."

तीन दिवसांत त्यांना एखादी गोष्ट सांगता येत नाही असं मी प्रथमच ऐकलं.

सकाळी

माझी गाडी दुपारची होती. सकाळी चहा घेऊन अभ्यासिकेवर गेलो तर अशोक, वंदनाताई, दंतवैद्य बाई आधीच आलेले. गयाबाई व्हरांड्याच्या पायरीवर बसलेल्या. कोणी भिंतीजवळ जात नव्हतं. निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी पालक उभे राहतात तसे सगळे चार पावलं लांब उभे.

लांबून भिंत पांढरी होती, आणि पांढऱ्याच्या आत काहीतरी खोल होतं, दुधावर साय धरण्याआधी असतं तसं. करडा भाग मला दिसला नाही. पण माझ्या नजरेला महत्त्व नव्हतं.

बापूराव सरपंच आले. हिंगोलीत लग्न होतं, म्हणून इस्त्रीचा पांढरा लेंगा-झब्बा आणि वर मरून रंगाचं जाकीट. ते घाईत होते आणि घाईतल्या माणसाला निर्णय झटकन द्यायचा असतो. चपला काढून व्हरांड्यात चढले, भिंतीसमोर उभे राहिले, डावीकडून उजवीकडे नजर फिरवली, आणि मध्यावर थांबले. चेहरा पडला. वाईट त्यांनाही वाटत असावं.

"वंदनाबाई," ते म्हणाले, "तकलीफ तुमी लई घेतली. आमाला समजतंय. पण हे बघा." त्यांनी भिंतीच्या मध्याकडे बोट दाखवलं. "लाल आलंच की पुन्हा."

खरंच होतं. छातीच्या उंचीवर, नेमका तिथेच, एक लालसर डाग होता, परातीएवढा. आम्ही सगळे पुढे सरकलो. अशोकने तोंड फिरवलं. दंतवैद्य बाईंनी चष्मा पुसला. मला माझ्या खांद्यातला तो स्नायू पुन्हा जाणवला.

वंदनाताई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी डागाकडे पाहिलं, मग सरपंचांकडे पाहिलं, मग जाकिटाकडे.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "जरा बाजूला सरका."

सरपंच दोन पावलं डावीकडे सरकले. डागही दोन पावलं डावीकडे सरकला.

ते परत उजवीकडे आले. डाग त्यांच्याबरोबर आला. त्यांनी हात वर केला, तर पांढऱ्यात आत कुठेतरी धूसर एक हात वर झाला. मग बराच वेळ बापूराव सरपंच तसेच उभे राहिले, मान तिरकी करून, लग्नाला निघालेला माणूस आरशापुढे उभा राहतो तसे, आणि त्यांनी जाकिटाची कॉलर नीट केली.

"सोमवारी," ते भिंतीकडेच बघत म्हणाले, "बिगारी किती लागतीन तुमाला?"